मुंगी हलली नाही म्हणून



मे महिना संपत आला की आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे कांदा-लसूण न घालता वर्षाची चटणी करायचं प्रमाण, आणि दुसरी म्हणजे टिटवीच्या अंड्यांचा फोटो. उघड्या रानात, खड्यांच्या मधे चार ठिपकेदार अंडी. खाली लिहिलेलं असतं की टिटवीनं चार अंडी घातली आहेत, म्हणजे यंदा चार महिने पाऊस. अंडी उंचावर आहेत, म्हणजे पाणी भरपूर. शेवटी एक टोमणा, की पाखराला कळतं ते हवामान खात्याला कळत नाही. त्याखाली वीस-पंचवीस जोडलेले हात.

मीही कितीतरी वर्षं हात जोडत आले. यंदा जोडले नाहीत. उलट लिहिलं, "टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. मग दर वर्षी चार महिने चांगला पाऊस का होत नाही?" ग्रुपवर एकदम शांतता. रात्री एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "तू शिकलेली आहेस ते ठीक आहे गं, पण आपल्या जुन्या माणसांना खोटं ठरवू नकोस."

तिचं बोलणं मनाला लागलं. जुन्या माणसांना खोटं ठरवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. आता मीच सहासष्ट वर्षांची, मीही जुनीच झाले! पण जुन्या माणसांनी नेमकं काय सांगितलं होतं आणि आपण त्यातलं काय उचललं, हे एकदा नीट मांडायला हवं असं वाटलं. म्हणून आज हा विषय घेतला.

मी १९८२ साली लग्न होऊन कृष्णाकाठच्या एका गावात आले. सासूबाईंना घरात आणि गावात सगळे आव्वा म्हणत. आव्वा चौथीसुद्धा पास नव्हत्या. मी बी.कॉम. पहिल्या उन्हाळ्यात एका पहाटे पावशा ओरडायला लागला, तशा त्या मला हलवून म्हणाल्या, "ऐकलंस का? पेर्ते व्हा म्हणतंय. उठ, बियाणाला ऊन द्यायचंय." मला तेव्हा पावशा कुठला आणि कोकीळ कुठला हेही कळत नव्हतं.

बस्तीत दर्शनाला जाताना त्या वाटेतल्या झाडांकडे मान वर करून बघायच्या. कावळ्यानं घरटं आंब्यासारख्या गर्द झाडावर बांधलं असेल तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर असेल तर कमी. पूर्वेच्या अंगाला असेल तर उत्तम. चिमण्या धुळीत लोळायला लागल्या, गोठ्यात गुरं कान झाडायला लागली, मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून भिंतीवर चढायला लागल्या, की "आज येतोय बघ" म्हणून त्या गोवऱ्या झाकायला पळायच्या. मृग निघायच्या आधी पंचांग उघडून मृगाचं वाहन काय आहे तेही विचारायच्या. बेडूक असला की खूश, कोल्हा असला की तोंड उतरलेलं.

हे काही फक्त आमच्या आव्वांचं ज्ञान नव्हतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत लगेच येणाऱ्या पावसाच्या लक्षणांवर एक अख्खा अध्याय आहे. मुंग्यांनी अंडी हलवणं, सापांनी झाडावर चढणं, गुरांनी घराबाहेर पडायला नकार देणं हे सगळं त्यात आहे. आपल्या काळात मारुती चितमपल्ली यांनीही रानातल्या माणसांकडून ऐकलेले पावसाचे असे संकेत सांगितले. म्हणजे दीड हजार वर्षं माणसं हे बघत आली आहेत. इतकी वर्षं बघितलेली गोष्ट नुसती हसून सोडून देण्यासारखी नसते.

पण माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. घरातला दुधाचा, उसाच्या बिलाचा, मजुरीचा हिशेब पहिल्यापासून माझ्याकडे. हिशेबाचा पहिला नियम असा की नोंद त्याच दिवशी करायची, आणि आलेले पैसे जसे लिहायचे तसे बुडालेलेही लिहायचे. पावसाच्या खुणांच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो. खूण खरी ठरली की वर्षभर सांगतो. खोटी ठरली की विसरून जातो. अशा वहीत नफाच नफा दिसणार.

आव्वा गेल्यानंतर मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं यासाठी ठेवली. डावीकडे तारीख आणि खूण, उजवीकडे पाऊस आला की नाही. आव्वांची आठवण म्हणून सुरू केलं होतं, तपासणी करायची म्हणून नाही. पण चार-पाच वर्षांची पानं भरल्यावर लक्षात आलं की या सगळ्या खुणा एका खात्यात लिहिणं हीच चूक आहे. ही चार वेगवेगळी खाती आहेत.

पहिलं खातं पाऊस पडून गेल्यावर दिसणाऱ्या जिवांचं. मृगाचा तो लाल मखमली किडा, दिव्याभोवती झेपावणारी पंख फुटलेली वाळवी, डबक्यात ओरडणारे बेडूक. आपण यांना पावसाची खूण म्हणतो, पण हे बहुतेक माती भिजल्यावरच बाहेर येतात. ही पावती आहे. पैसे मिळाल्यावर दिलेल्या पावतीला आपण उद्याच्या कमाईचा अंदाज म्हणत नाही.

दुसरं खातं ऋतूचं. पावशा, चातक, कावळा आणि टिटवी यातले. पावशाचा हा विणीचा हंगाम असतो, म्हणून नर ओरडतो. मादीला आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालायचं असतं. हे ओरडणं उन्हाळा तापायला लागला की सुरू होतं, पावसाच्या कितीतरी आठवडे आधी. चातक मोसमी वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून उत्तर आणि मध्य भारतात येतो, तर दक्षिणेत काही चातक बाराही महिने राहतात. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं २०२० मध्ये चातकाच्या पाठीवर उपग्रहाला जोडलेलं छोटं यंत्र बसवून त्याच्या प्रवासाचा माग काढायला घेतला. म्हणजे ही पाखरं ऋतू जवळ आला हे सांगतात, आणि ते खरंच सांगतात. पण तारीख सांगत नाहीत आणि किती पडणार तेही सांगत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जून लिहिलेला असतो, म्हणून सात तारखेला पाऊस पडतोच असं नाही.

टिटवीचंही तसंच. तिची अंडी साधारण चार, कधी तीन. दुष्काळातही चार आणि महापुरातही चार. उंचवट्यावर घालते म्हणाल, तर आमच्याकडे खालच्या रानात उसाला पाणी सोडलेलं असतं. मग ती बिचारी बांधावर नाही तर कुठे बसणार?

हे मला पुस्तकातून नाही, भाच्याच्या रानातून कळलं. माझं माहेर जत तालुक्यात, कोरडवाहू. २०२३ च्या मे महिन्यात असाच एक टिटवीचा फोटो फिरत होता. नंतर एक वळीव बरा पडला आणि माझ्या भाच्यानं उडीद पेरून टाकला. त्या वर्षीचा जून आठवतो ना? पाऊस कोकणात येऊन तिथेच अडकून बसला आणि आपल्याकडे महिना संपत आला तरी ढगच. उडीद उगवला, मान टाकली आणि वाळला. दुबार पेरणी. दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा पाळीची मजुरी. वहिनीच्या पाटल्या सोसायटीत ठेवाव्या लागल्या. पुढचा ऑगस्ट तर सगळ्या देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला, त्यामुळे दुसरी पेरणीही जेमतेमच हाताला लागली. तो फोटो पुढे पाठवणाऱ्यांत मीही होते. पाटल्यांचं कळल्यावर वहिनीशी बोलताना मला शब्द सुचेना.

तिसरं खातं तासाभराच्या खुणांचं. मुंग्या, गुरं, चिमण्या. हवेतला दमटपणा, उकाडा, मातीतली ओल या गोष्टी लहान जिवांना आपल्या आधी जाणवतात, आणि माझ्या वहीत सर्वांत जास्त खरी ठरलेली खूण मुंग्यांचीच आहे. पण तिथेही खोट लिहिलेली आहे. मी अंगण धुतलं तेव्हा त्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या होत्या. मोरीचं पाणी वारुळाकडे वळलं तेव्हाही. आणि खूण खरी ठरली तेव्हासुद्धा ती चार-सहा तासांची आणि आपल्या अंगणापुरती. गोवऱ्या झाकायला ती पुरते. पेरणी ठरवायला पुरत नाही.

चौथं खातं पंचांगातल्या वाहनाचं. यात तर प्राणीच नाही! सूर्य ज्या नक्षत्रात शिरला तिथून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नवानं भागायचं. बाकी एक राहिली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, पुढे मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि शून्य राहिली तर हत्ती. हा साधा भागाकार आहे. त्या बिचाऱ्या बेडकाला माहीतही नाही की त्याच्या नावावर पाऊस लिहिला आहे. शिवाय वाहन सगळ्या मुलखाला एकच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि माझ्या माहेरी पाचशेच्या आसपास. दोघांचं वाहन मात्र एकच बेडूक.

ही खाती वेगळी केली नाहीत तर काय होतं, ते आता सांगते. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

२०१९ साली ५ ऑगस्टला नागपंचमी होती. आम्ही तेव्हा शहरात राहायला आलो होतो. गावच्या घरी थोरले दीर आणि जाऊबाई. आम्ही त्यांना अण्णा आणि आक्का म्हणतो. पाऊस होता, पण गाव बुडेल असा वाटत नव्हता. नदी चढत होती. ग्रामपंचायतीनं नदीकडच्या घरांना निघायला सांगितलं होतं. यांनी अण्णांना फोन केला, तर ते म्हणाले, "मुंगी हलली न्हाई अजून. म्हसरं बी गप हाईत. पाच सालाला पाणी तिसऱ्या पायरीला थांबलं हुतं. कुठं पळायचं उगीच?"

आणि आम्ही ते मानलं. मी तर त्या संध्याकाळी माझ्या इथल्या ओट्यामागच्या मुंग्या वाकून बघितल्या. शांत होत्या. यांना म्हणाले, "सकाळी बघू." वहीत इतक्या वर्षांचा हिशेब लिहिणारी मी, आणि वेळ आली तेव्हा मीही मुंगीलाच विचारलं.

पाणी रात्रीत तिसरी पायरी ओलांडून गेलं. २००५ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. अण्णा-आक्का माडीवर अडकले. दुसऱ्या दिवशी नावेतून त्यांना काढलं. गोठा घराच्या मागे, सखल. तिथपर्यंत कुणाला जाता आलं नाही. दोन म्हशी आणि एक गाय दावणीलाच गेल्या.

मुंग्या का हलल्या नाहीत? त्यांना काही कळलं नाही म्हणून नव्हे. त्यांच्या भिंतीपाशी तसं काही घडलंच नव्हतं. आमच्या गावात आलेलं पाणी आमच्या गावात पडलेलं नव्हतं. ते महाबळेश्वरच्या डोंगरात पडलं, कोयनेच्या खोऱ्यात पडलं, धरणाच्या दरवाज्यातून सुटलं, कराडला कृष्णेला मिळालं आणि मग आमच्या पायऱ्यांपर्यंत आलं. उंबऱ्यातल्या मुंगीला आपल्या भिंतीची हवा कळते, कोयनेचे दरवाजे नाही. मुंगी खोटं बोलली नाही. आपण तिला न विचारण्यासारखा प्रश्न विचारला.

आणि म्हसरं गप का होती? मैत्रिणींनो, ती बांधलेली होती. दाव्याला बांधलेल्या जनावरानं आणखी काय खूण द्यायची? आम्ही त्यांच्याकडे खूण म्हणून बघत बसलो. जीव म्हणून बघितलं असतं, तर निदान दावी तरी सोडली असती.

अण्णांनी पुन्हा दावण भरली नाही. त्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागत होतो, तेव्हा अण्णा घरात दिसेनात म्हणून मी मागे गेले. ते रिकाम्या गोठ्यात हात जोडून उभे होते. मी तशीच मागे फिरले.

त्यानंतर एका गोष्टीचा विचार माझ्या मनातून जाईना. आपल्या धर्मात निमित्तज्ञान नाही का? आहे. आणि तेही मोठ्या मानाचं. श्रुतकेवली भद्रबाहू स्वामींना अष्टांग महानिमित्ताचं ज्ञान होतं. उज्जयिनीला त्यांनी बारा वर्षांचं संकट आधी ओळखलं आणि संघ दक्षिणेकडे निघाला, हे श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरच्या इ.स. ६०० च्या सुमाराच्या शिलालेखात कोरलेलं आहे. आपण दक्षिणेतले दिगंबर तर ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो.

पण या गोष्टीतला कुठला भाग आपण लक्षात ठेवतो? त्यांना आधी कळलं, हा. मला आता दुसरा भाग मोठा वाटतो. कळल्यावर ते उठले आणि निघाले. घरदार असलेल्यांना जड वाटेल असा तो निर्णय होता. खूण बघून बसून राहायला त्यांनी सांगितलं नाही. आमच्या अण्णांनी खूण वापरली ती न हलण्यासाठी. जे आधीच करायचं ठरवलेलं असतं त्याला आधार म्हणून आपण बहुतेक वेळा खूण शोधतो.

दुसरी गोष्ट मूलाचारातली. मुनींच्या आहारात जे उत्पादन दोष सांगितले आहेत, त्यात 'निमित्त' नावाचा एक दोष आहे. श्रावकाला शुभ-अशुभ, पुढचं-मागचं सांगून त्याला खूश करून आहार घेतला, तर तो दोष लागतो. बघा, ज्या परंपरेत निमित्तज्ञानाला एवढा मान, त्याच परंपरेनं त्याचा उपयोग वाहवा आणि लाभ मिळवण्यासाठी करायला बंदी केली. मुनींना जो दोष लागतो, तो नियम आपल्याला जसाच्या तसा लागू नाही हे मला कळतं. पण ग्रुपवर टिटवीचा फोटो टाकून जोडलेले हात गोळा करताना मला तो आठवतो. आपल्याला चार जणींची वाहवा मिळते आणि बियाणं जातं दुसऱ्याचं.

तुमच्यातल्या कुणी विचारेल, हवामान खात्याचा अंदाज तरी कुठे नेहमी खरा ठरतो? नाही ठरत. पण १८७५ साली सुरू झालेलं हे खातं पावसाचं रोज मोजमाप करून लिहून ठेवतं. काल सांगितलेलं आज बदलावं लागलं तर बदलून सांगतं. चुकलं तर किती चुकलं ते त्याच्याच आकड्यांवरून कुणालाही तपासता येतं. टिटवीचा फोटो पुढच्या मे महिन्यात कोण तपासतं? ज्या वहीत खोट लिहिलेली असते, ती वही मला जास्त भरवशाची वाटते. हे माझं बी.कॉम.चं डोकं, पण मला वाटतं सम्यक ज्ञानाची वाटही फार वेगळी नाही.

आता आव्वांकडे परत येते, कारण माझ्या मैत्रिणीला मला उत्तर द्यायचं आहे.

आव्वा खूण दिसल्यावर काय करायच्या, ते मी इतकी वर्षं नीट बघितलंच नव्हतं. मुंग्या अंडी घेऊन चढताना दिसल्या की त्या दिवशी ती भिंत झाडायची नाही, तिथे पाणी ओतायचं नाही असं बजावायच्या. पिठाच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढायच्या आणि चिमूटभर पीठ परड्यात वारुळापाशी टाकून यायच्या. पंखाचे किडे दिसले की, "दिवा बारीक कर गं, जीव यायला लागलेत." त्या दिवशी जेवणं दिवस मावळायच्या आत झालेलीच असायची, पण दुधाची भांडीसुद्धा झाकून कंदील लांब ठेवायच्या. पावशा ओरडायला लागला की बियाणाबरोबर सरपण आणि गोवऱ्याही उन्हात झटकून घ्यायच्या, पुढे चुलीत जीव जाऊ नये म्हणून. पहिला पाऊस झाला की पालेभाजी बंद. पाणी गाळायचं फडकं दुहेरी करायचं, आणि फडक्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची. मृगाचा लाल किडा दिसला की आम्हा सुनांना सांगायच्या, "आता अंगणात बघून पाय टाका."

म्हणजे त्यांची प्रत्येक खूण कुठल्यातरी जिवाच्या जपणुकीत संपत होती. पाऊस येईल की नाही यात त्या कितीदा चुकल्या असतील! पण पाऊस आला नाही म्हणून त्यांची हळदीची रेघ वाया गेली नाही. मुंगी तेइंद्रिय जीव, तिच्यावर पाय पडला नाही, एवढं त्यांना पुरे होतं.

आपले मुनी-आर्यिका आषाढ शुद्ध चतुर्दशीला वर्षायोगाची स्थापना करतात. ढग आलेत का, बेडूक ओरडला का, हे बघून नाही. कोरड्या वर्षीसुद्धा तीच तिथी. जमिनीवर जीव वाढणार आहेत, आपल्या पायाखाली ते येऊ नयेत, म्हणून थांबायचं. पावसाचा अंदाज चुकला तरी दयेचा अंदाज चुकू नये, अशी ही व्यवस्था आहे.

आणि आपण? मागच्या वर्षी माझ्या सुनेनं ओट्यामागे मुंग्या मारायच्या खडूची रेघ ओढली. त्याच दुपारी तिनं मुंग्यांना पाऊस आधी कळतो हा मेसेज मला पाठवला. मी दोन्ही गोष्टी तिला शेजारी शेजारी दाखवल्या. आधी हसली, मग गप्प झाली. मी रागावले नाही, कारण खडू डब्यात आणून ठेवलेला माझाच होता. आता आमच्या ओट्यावर हळद असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या माणसांनी दिलेलं बघणं ठेवूया. त्या बघण्यावर आपण चढवलेलं भविष्य सोडूया. पेरणी विचारायची असेल तर हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यासाठी निघतो, मोबाईलवर मेघदूत ॲपमध्ये मराठीत वाचता येतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन माती खोलवर भिजल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दर वर्षी सांगतं. ते घरातल्या पुरुषांनी ऐकलं नाही तर आपण ऐकवूया. बियाणाचे पैसे कुणाच्या पाटल्यांतून येतात ते आपल्याला माहीत आहे. नदीकाठी राहणाऱ्यांनी पाऊस किती पडतोय ते न बघता धरणातून किती सुटलंय आणि पुलापाशी किती फूट झालंय ते विचारावं. जुन्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवू नये. आणि निघा म्हटलं की निघावं. निघताना आधी दावी सोडावीत. मग कुलूप.

बाकी पावशा ऐकाच. नातवंडांना ऐकवा. कावळ्याचं घरटं मान वर करून बघा. एक जुनी वही घ्या आणि त्यात दोन रकाने आखून खूण आणि पाऊस लिहा, खोटसुद्धा लिहा. मी पुढच्या वर्षासाठी तिसरा रकाना आखला आहे. खूण दिसल्यावर त्या दिवशी मी त्या जिवासाठी काय केलं, हे त्यात लिहायचं आहे. आव्वांचा तोच रकाना भरलेला असायचा, आणि तोच मी इतकी वर्षं कोरा सोडला होता.

माझ्या मैत्रिणीला मी हेच फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या आईपण हळदच घालायची गं."

तुमच्या आईची, आजीची, सासूबाईंची अशी काही रीत असेल तर मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.